डीजेच्या आवाजाला अ‍ॅम्प्लिफायरमध्येच लगाम घालता येईल का?

आमच्या पोखर्णीत वरात निघाली की आधी खिडक्या थरथरतात, मग गाणं कोणतं ते कळतं. वाद दरवेळी तोच: आवाज कमी कुणी करायचा?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं सांगितलं. गाजलं ते एवढंच. मला मात्र त्याच निकालातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्येच डेसिबलची मर्यादा बसवण्याचा सरकारने विचार करावा, असं कोर्टाने सुचवलं. हे जमेल का?

आत काय बदललं?

स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायरचा शेवटचा टप्पा म्हणजे आउटपुट स्टेज. जुन्या मशीनमध्ये इथे ट्रान्झिस्टरची जोडी असते. २एन३०५५ आणि एमजे२९५५ ही त्यातली प्रसिद्ध जोडी. एक ट्रान्झिस्टर ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. हे पुश-पुल. अदलाबदलीच्या क्षणी आवाज खराब होऊ नये म्हणून दोघांतून थोडा करंट कायम वाहता ठेवतात. हा झाला क्लास एबी. याची कार्यक्षमता कागदावरही ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. उरलेल्या विजेची उष्णता होते. म्हणून मोठे हीटसिंक, पंखे आणि जड ट्रान्सफॉर्मर लागायचे. आवाज वाढवायचा म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही वाढायचं.

क्लास डीने हे गणित मोडलं. यात मॉसफेट सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. तुमच्या फोनच्या स्पीकरमागेही बहुतेक वेळा हेच तंत्र असतं. थोडक्यात, उष्णतेचा नैसर्गिक ब्रेक सैल झाला.

मग लगाम कुठे?

सिग्नल आउटपुट स्टेजला पोचण्याआधीच त्याला दाबणारं लिमिटर सर्किट असतं. स्पीकर जळू नये म्हणून अनेक मोठ्या मशीनमध्ये ते आधीच आहे. अडचण अशी की लिमिटरला व्होल्ट कळतात, डेसिबल नाही. त्याच मशीनला एकाऐवजी चार बॉक्स जोडले, तर व्होल्ट तेवढेच राहतील, पण रस्त्यावरचा आवाज वाढेल.

कानाचा हिशोबही बघा. पॉवर दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. डीजेवाल्याला ते किरकोळ वाटतं. पण ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर ८८ ला ती ४ तासच उरते आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं.

माझं मत विचाराल तर नुसतं मशीन तपासून भागणार नाही. बॉक्ससकट पूर्ण सेट ठरलेल्या अंतरावर मीटर लावून तपासावा, लिमिटर तिथेच सेट करावं आणि वजनकाट्यासारखं सील ठोकावं. नाहीतर निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हे आकडे नियमातच राहतील.

तोवर वरातीत बॉक्सला खेटून नाचू नका. चार पावलं मागे सरकणं फुकट आहे, कान नाहीत!