ताट कोणाचे, पोट कोणाचे?

(तृतीय वर्ष, कला)

आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या कानांवर दोन वाक्ये लहानपणापासून पडत असतात. पहिले, "ताटात काही टाकायचं नाही, आधी संपव!" आणि दुसरे, "किती सुटलाय हा! जरा आवरा याला." गंमत अशी, की पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच पंगतीत आणि एकाच तोंडून येतात. मुलाने खाल्ले नाही तर तो हट्टी, खाल्ले तर तो खादाड! अशा वेळी त्याने आपल्या पोटाचे ऐकावे की पंगतीचे? मला वाटते, मुलांच्या जेवणाविषयीची आपली सारी काळजी इथेच भलत्या वाटेला लागते. ताटात काय वाढायचे हे ठरवण्याचा अधिकार मोठ्यांचा, यात वाद नाही. परंतु त्यातले किती पोटात जावे हे ठरवण्याचा अधिकार मुलाचा आहे, आणि त्याच्या शरीरावर शेरे मारण्याचा अधिकार तर कोणाचाच नाही.

ताट स्वच्छ करण्याच्या आग्रहाची मी टिंगल करीत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील लाखो माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या पिढीला टाकलेला घास पाहवत नाही, हे स्वाभाविकच आहे. तो आग्रह उपासमारीने शिकवलेला आहे. परंतु अन्नाचा मान राखायचा असेल, तर ताटात आधी थोडेच वाढावे आणि लागल्यास मुलाने पुन्हा मागून घ्यावे. आधी डोंगर वाढायचा आणि मग तो पोटात कोंबायला लावायचा, यात ना अन्नाचा मान राहतो ना मुलाचा!

तान्हे मूल पोट भरले की तोंड फिरवते. भूक केव्हा लागली आणि केव्हा भागली, ही जाण ते जन्मतःच घेऊन येते. ती जाण मोडतो आपण. काल चिऊ-काऊचे घास भरवून, आज हातात मोबाईल देऊन! अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात याविषयी एक साधी वाटणी मांडली. काय, केव्हा आणि कोठे खायला द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे. याचा अर्थ मुलाला मोकाट सोडणे असा नव्हे. दुपारी वरण-भात असेल तर वरण-भातच मिळेल. रडले म्हणून कुरकुऱ्यांची पुडी मिळणार नाही. पण दोन घास कमी गेले, तर त्यावरून महाभारतही होणार नाही.

आणि आपली ती नेहमीची लाच! "भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन." लिअॅन बर्च या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की एखादी गोष्ट संपवल्याबद्दल बक्षीस दिले, तर त्या गोष्टीची आवड वाढण्याऐवजी घटते. यात नवल ते काय? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, हा धडा आपणच तर मुलाला देत असतो!

हे झाले पोटाविषयी. आता शरीराविषयी. मी आमच्या गल्लीतील पाचवी-सहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्यांतील एक मुलगी शाळेच्या डब्यातली भाजी तेवढी संपवते आणि पोळी तशीच घरी नेते. कारण विचारले तर म्हणाली, "ताई, पोळीनं जाड होतात ना?" वय वर्षे अकरा! घरी तिला लाडाने 'भोपळा' म्हणतात. आपल्या गोष्टीतली म्हातारी लेकीकडे निघाली होती ती लठ्ठ होऊन परतण्यासाठीच, आणि भोपळ्यानेच तिला वाघापासून वाचवले. तेव्हा अंगावर मांस चढणे हे सुखाचे लक्षण होते. आज तोच भोपळा शिवी होऊन बसला! बारीक मुलांचीही सुटका नाहीच. त्यांच्यासाठी 'काडी पैलवान' आहे, 'पाप्याचे पितर' आहे. खरे म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर थोडी चरबी चढणे हा वयात येण्याचाच एक भाग असतो. निसर्ग आपले काम करीत असतो, आणि नेमकी तीच वेळ साधून नातेवाईक शेरे मारीत असतात.

अशा शेऱ्यांना चित्रांची साथ मिळाली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण फिजी बेटांवरचे आहे. तेथे भरलेले अंग आणि चांगली भूक यांचे परंपरेने कौतुकच होत असे. नाद्रोगा या भागात १९९५ मध्ये दूरदर्शन संच आले. अॅन बेकर या संशोधिकेने त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी केल्याचे पहिल्या खेपेस एकाही मुलीने सांगितले नव्हते. तीन वर्षांनंतर असे सांगणाऱ्या मुली ११.३ टक्के निघाल्या. पाहणी लहान होती हे खरे. पण तेव्हा तो संच निदान घरातल्या कोपऱ्यात तरी असे. आज तो मुलांच्या हातात आहे.

कोणी म्हणेल, "अहो, लठ्ठपणाने मधुमेह होतो, मग बोलायचेच नाही का?" जरूर बोलावे, पण अंगकाठीवरून निदान करू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील जी नवजात बालके अभ्यासली, तीही दिसायला कृश, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. दिसते तसे नसते, ते असे. तेव्हा मुलाला चिडवून काय साधणार? घरात भाजी-भाकरी, फळे वेळेवर मिळावीत, खेळायला मैदान असावे, झोप पुरी व्हावी. आणि हे सारे जाड्या-बारक्या सगळ्यांनाच मिळावे.

सर्वांत गंभीर आक्षेप मला वेगळाच वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. अशा राज्यात शरीराच्या प्रतिमेची चर्चा म्हणजे भरल्या पोटीचे चोचले नव्हेत काय? मला तसे वाटत नाही. त्याच पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिने 'जाडी' म्हणवून घ्यायच्या भीतीने पोळी सोडली, तर तो चोचला राहतो काय? आणि अजूनही कित्येक घरांत सर्वांची जेवणे आटोपल्यावर बायकामुलींची पाने मांडली जातात. उरेल ते खायचे, उरणार नाही ते सोडायचे. एकीची भूक दारिद्र्य आणि रूढी मारते, दुसरीची भूक आरसा मारतो. "तुझी भूक खरी आहे आणि तिला मान आहे," असे दोघींनाही कोणी सांगितलेले नसते.

मित्रमैत्रिणींनो, आपण अजून आई-बाप झालेलो नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही असे समजू नका. आपण थोरली भावंडे आहोत, शिकवण्या घेणारे ताई-दादा आहोत, आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होणार आहेत. आणि आपल्या स्नेहसंमेलनात होते काय? निम्मे फिशपॉण्ड कोणाच्या तरी वजनावर, रंगावर नाही तर उंचीवर! एकांकिकेत जाडा मुलगा असतो तो पडण्यासाठी आणि खाण्यासाठी. ज्याच्यावर फिशपॉण्ड पडतो तोही हसतो, कारण न हसण्याची सोय नसते. सभागृहात पुढे बसलेली प्राध्यापकांची लहान मुले हे सारे पाहत असतात आणि शिकत असतात.

म्हणून माझी एकच सूचना आहे. यंदाच्या संमेलनात शरीरावरचा एकही फिशपॉण्ड वाचला जाऊ नये. चिठ्ठ्या निवडणाऱ्या समितीने आणि प्राध्यापकांनी एवढे मनावर घ्यावे. विनोद आटेल अशी भीती बाळगू नका. आपल्या आळसावर, उसन्या वह्यांवर आणि शेवटच्या बाकावरच्या झोपेवर अजून पुष्कळ लिहिण्याजोगे आहे!