हृदय सावरले, मन का खचले?

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितले. तरी घरचा कर्ता माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. जेवण जात नाही, झोप लागत नाही, नातवंडांचा आवाजही नकोसा होतो. भेटायला आलेले नातेवाईक मग दोन गोष्टी बोलतात. एक, "मनाने कच्चा आहे." दुसरी, "बापही असाच झुरून गेला, घराण्यातच आहे." वस्तीत फिरताना ही दोन्ही वाक्ये आम्ही पुष्कळदा ऐकली आहेत. दोन्हींमुळे रुग्णाचे नुकसानच होते, म्हणून आज त्यांचाच विचार करू.

पहिले वाक्य सरळ चुकीचे आहे. झटका आलेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला नैराश्याचा आजार गाठतो. कॅनडातील माँट्रियल येथे २२२ रुग्णांचा अभ्यास झाला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नैराश्य होते त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. निराश माणूस गोळ्या चुकवतो, चालणे टाळतो, सोडलेली विडी पुन्हा पेटवतो. म्हणजे हा कच्चेपणा नव्हे, आजार आहे, आणि तो जिवाशी खेळणारा आहे.

दुसऱ्या वाक्यात सत्य आहे, पण अर्धेच. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे जुळ्या भावंडांवरून कळले. काही जुळी हुबेहूब सारखी असतात, त्यांची जनुकेही जवळजवळ सारखीच. दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांत जनुकांचे साम्य इतर सख्ख्या भावंडांइतकेच असते. दोन्ही प्रकारच्या जोड्यांत आजार दोघांनाही किती वेळा होतो, हे ताडून पाहतात. अशा अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००० साली मांडला गेला. त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला.

आकड्यांशी आमचा रोजचा संबंध, म्हणून सांगतो, हा आकडा नीट वाचावा. शंभरांतल्या ३७ जणांना आजार होणार, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांमुळे. उरलेला मोठा भाग आयुष्यात काय वाट्याला आले, त्याचा.

हृदय आणि मन यांचा धागा एकच आहे काय, हेही तपासले गेले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यात असलेल्या जुळ्या भावांच्या २००३ सालच्या अभ्यासात, काही आनुवंशिक कारणे दोन्ही आजारांत सामाईक दिसली. स्वीडनमध्ये तीस हजारांहून अधिक जुळ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात मात्र हे साम्य बेताचेच निघाले. हृदयविकार जडल्यावर सुरुवातीच्या काळात नैराश्याचा धोका सर्वांत जास्त, हेही तिथे दिसले. म्हणजे रक्तातून आलेले थोडे, आणि ओढवलेल्या दुखण्याचे बरेच.

मग नैराश्याचे एखादे जनुक आहे काय? मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा बराच गाजावाजा झाला होता. पण २०१९ साली लाखो लोकांची माहिती तपासली, तेव्हा असे गाजलेले एकही जनुक कसोटीला उतरले नाही. अनेक जनुके, प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा, असे आजचे ज्ञान सांगते. तेव्हा "त्या घरात ते आहे" म्हणून मुलीचे स्थळ मोडणाऱ्यांना विज्ञानाचा आधार नाही.

आता करायचे काय? घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होते काय? आवडीच्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला काय? एकाचेही उत्तर होय असेल तर डॉक्टरांना सांगावे. समुपदेशनाने नैराश्य कमी होते. त्याने आयुष्य वाढते असे २००३ सालच्या मोठ्या अमेरिकन प्रयोगात दिसले नाही, पण असलेले आयुष्य सुसह्य होणे ही काय लहान गोष्ट? नैराश्यावरची काही जुनी औषधे हृदयाला त्रासदायक असतात, काही नवी त्या मानाने सुरक्षित आहेत. म्हणून हृदयविकार आहे हे सांगूनच औषध घ्यावे, आणि हृदयाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पुढच्या तपासणीला ईसीजीचे कागद नेताना झोप, भूक आणि उदासीही सांगा. वडिलांना असा त्रास होता, तर तेही सांगा. त्यात लाज कसली? डॉक्टरांना ती उपयोगाचीच माहिती आहे.