पांदणीवरची माउंटन बाईक

माउंटन बाईक म्हणजे डांबर संपले की कामाला लागणारी सायकल. दगड, मुरूम, चाकोऱ्या, ओढ्याचा उतार अशा वाटेवर चाकांची पकड सुटू नये, हँडल हातून हिसकले जाऊ नये आणि बसणाऱ्याची कंबर शाबूत राहावी, एवढ्यासाठी तिची सगळी जुळणी असते. चांगल्या प्रतीची अशी सायकल पहिल्यांदा कच्च्या वाटेवर घातलेला माणूस परत फिरायचे नाव घेत नाही. त्या आनंदाची कारणे यंत्रात आहेत आणि ती एकेक करून सांगता येतात. सांगायला महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा परिसर बरा, कारण या सायकलीची परीक्षा घेणारे बहुतेक नमुने तिथे एकाच फेरीत भेटतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा हा भाग. धनोड्याचा पूल ओलांडून पैनगंगेपलीकडे गेले की माहूर, म्हणजे नांदेड जिल्हा. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे पुसद-महागावच्या बाजूला उतरत येतात. त्यामुळे सखल भागात खोल काळी जमीन, टेकाडांवर मुरमाड बरड आणि दोन्हींच्या मधून जाणारे ओढे-नाले अशी इथली रचना आहे. कपाशी, सोयाबीन, तूर आणि हळदीच्या शेतांना पांदणी जातात, तांड्यांना पायवाटा जातात, टेकडीवर गुरांच्या वाटा चढतात. डांबरी रस्त्यावरून न दिसणारे हे जाळे बैलगाड्यांनी आणि माणसा-गुरांच्या पायांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहे. परदेशात माउंटन बाईकसाठी पैसे खर्चून मुद्दाम वाटा खोदतात. इथे त्या आयत्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या शेतकऱ्याला याचे कौतुक सांगायला जाऊ नये हे बरे. पांदणी पक्क्या करण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. गाडीवाटेची गरज आणि सायकलस्वाराची हौस यांत गाडीवाटेलाच मान द्यायला हवा.

या सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात झाला. माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही तरुण फुगीर टायरच्या, तीस-चाळीस वर्षे जुन्या सायकली उतारावरून पिटाळत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरची ती वाट जवळजवळ ४०० मीटर खाली उतरत होती. पायडल उलटे दाबून लागणारे त्या सायकलींचे ब्रेक इतके तापत की हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव त्यावरून पडले. पुढच्याच वर्षी त्या तरुणांपैकी जो ब्रीझने खास अशा वाटेसाठी नवी फ्रेम घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेमवर सायकली जुळवून विकायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा धक्के पचवणारा फोर्क आला, १९९० मध्ये कोलोराडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. भंगारातल्या सायकलींपासून ऑलिम्पिकपर्यंतचा प्रवास वीस वर्षांत झाला. भारतात हिमाचल प्रदेशातली ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यत प्रसिद्ध आहे आणि २०२३ ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या पोनमुडीला झाली. महाराष्ट्रात हा नाद मुख्यतः पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या आडवाटांवर रुजला.

गावाकडे दोन सायकली सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक काळी उंच सायकल. तिचे वजन वीस किलोच्या आसपास, ब्रेक लोखंडी सळयांचे आणि चाल संथ. तिला कमी लेखायचे कारण नाही. दुधाच्या कॅन, कडब्याच्या पेंढ्या आणि डबलसीट माणूस तिने वाहिला. महागड्या माउंटन बाईकला तर साधे कॅरिअरही नसते. दुसरी म्हणजे १९९० नंतर पसरलेली, जाड टायरची आणि सीटखाली स्प्रिंग बसवलेली सायकल, जिला दुकानात सरसकट ‘रेंजर’ म्हणतात. दिसायला ती माउंटन बाईकच. पण तिच्यातली स्प्रिंग नुसती स्प्रिंग असते. खड्ड्यात दबते आणि दबल्यावर तितक्याच जोराने उसळते. चढावर पायडल मारावे तर पायातली बरीच ताकद तिला खालीवर हलवण्यातच जाते. रेंजर चालवून ज्यांनी माउंटन बाईकविषयी मत बनवले, त्यांचे मत दुरुस्त व्हायला खरी सायकल एकदा हाताखालून जावी लागते.

खऱ्या सायकलीच्या, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये एका नळीत कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते आणि दुसऱ्या नळीतले तेल त्या स्प्रिंगला लगाम घालते. तेल बारीक छिद्रांतून सरकते, म्हणून दबलेला फोर्क उसळी न मारता सावकाश वर येतो. किती सावकाश, हे खालच्या एका खटक्याने ठरवता येते. हवा बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते: नुसते सायकलवर बसल्यावर फोर्क आपल्या एकूण चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका दबला पाहिजे. शर्यतीच्या हलक्या सायकलीत ही चाल १०० ते १२० मिलिमीटर असते, आडवाटेच्या सर्वसाधारण सायकलीत १२० ते १५०, आणि नुसता उतार कापणाऱ्या सायकलीत २०० च्या घरात. खड्डा आला की चाक खाली जाते, दगड आला की वर चढते आणि हँडल मात्र आपली उंची फारशी सोडत नाही.

टायरमधली हवा ही त्याहून मोठी गोष्ट, आणि फुकटची. आपल्याकडे टायर दगडासारखा टणक होईपर्यंत पंप मारायची सवय आहे. डांबरावर ते ठीक. एका चाकावर ४५ किलोचा भार धरला आणि टायरमध्ये ६० पीएसआय हवा असेल, तर ढोबळ हिशेबाने जमिनीला टेकणारा भाग ११ चौरस सेंटिमीटरचा होतो. तीच हवा २२ पीएसआयवर आणली की तो २९ चौरस सेंटिमीटर होतो. मुरमाच्या सुट्या खड्यांवर चाक घसरणार की चावा घेणार, हे या फरकात असते. इतकी कमी हवा चालते कारण टायर सव्वादोन ते अडीच इंच रुंद असतो आणि आत बहुधा ट्यूब नसते, त्यामुळे दगड आणि रिम यांच्यात चिमटून ट्यूब फाटण्याचा प्रश्नच उरत नाही.

ट्यूब नसण्याचा दुसरा फायदा या भागात लगेच कळतो. बाभूळ, बोर आणि हिवर यांचे काटे पांदणीवर बारमाही पडलेले असतात, आणि सराट्याचे काटे कसेही पडले तरी एक टोक वरच असते. साध्या सायकलीने पांदण धरली की पंक्चरवाल्याचा दिवस चांगला जातो. ट्यूबलेस टायरमध्ये पातळ दुधासारखा रबरी द्रव घातलेला असतो. काटा घुसून निघाला की छिद्रातून फुस्स आवाज होतो, पांढरे थेंब उडतात, चाक दोन-तीन फेरे फिरते आणि आवाज बंद पडतो. छिद्रात रबर साकळलेले असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा द्रव लवकर सुकतो, दर दोन-तीन महिन्यांनी तो पाहून पुन्हा भरावा लागतो. विकणारे हे क्वचितच सांगतात.

आता प्रत्यक्ष वाट. बरडावरून ओढ्याकडे उतरणाऱ्या पांदणीत गाड्यांच्या दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे गवताचा उंचवटा असतो. काळ्या सायकलीचे पुढचे चाक एकदा चाकोरीत उतरले की हँडल आपल्या ताब्यात राहत नाही. चाकोरी नेईल तिकडे जायचे, आणि बाहेर काढायला गेले की चाक कडेला घासून सायकल आडवी. माउंटन बाईकचे चाक त्याच कडेला तिरके लावले की टायरची बाजूची उंच खुंटी मातीत रुतते, फोर्क दबतो आणि चाक वर चढते. सायकलची ठेवणही इथे कामाला येते. फोर्क पुढे कललेला असतो, म्हणून उतारावर चाक शरीराच्या बरेच पुढे राहते आणि माणूस हँडलवरून पालथा पडण्याची भीती कमी होते. हँडल अडीच फुटांच्या आसपास रुंद असते, त्यामुळे दगडाने चाक वळवू पाहिले तरी हात त्याला आवरू शकतात. डाव्या अंगठ्याजवळची कळ दाबून सीट खाली सोडता येते, म्हणजे पायडलवर उभे राहून कंबर मागे नेता येते. गुडघे आणि कोपरे सैल सोडून, दोन्ही पायडल सपाट ठेवून उभे राहणे ही आडवाटेवरची मूळ बैठक आहे. नवशिका बसूनच उतरतो आणि नंतर सायकलीला नावे ठेवतो.

ब्रेकचे काम त्याहून नाजूक. तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक एका बोटाने लागतो आणि हवा तितकाच लागतो. ओढ्याच्या पाण्यातून बाहेर पडल्यावर सळयांचे ब्रेक ओल्या रिमवर नुसते घसरतात; डिस्क चाकाच्या मध्याजवळ, चिखल-पाण्यापासून वर असते आणि लगेच पकडते. पुढचा ब्रेक जोराने लावला तर पालथे पडायला होते, ही लहानपणापासूनची धास्ती इथे सोडावी लागते. उतारावर बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, तो दाबायचा मात्र हळूहळू.

ओढा ओलांडला की चढ. काळ्या सायकलीच्या पायडलची एक फेरी तिला पाच मीटरच्या वर पुढे नेते. खड्या चढावर तेवढी ताकद कोणाच्याच पायात नसते, म्हणून उतरून ढकलायची. माउंटन बाईकला पुढे ३२ दात्यांची एक चकती आणि मागे १० पासून ५१ दात्यांपर्यंतच्या बारा चकत्या असतील, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीला ती जेमतेम दीड मीटर सरकते. वेग चालणाऱ्या माणसाएवढाच, पण दम राखून माथा गाठता येतो.

या सगळ्याचा मिळून जो परिणाम होतो तो असा, की सायकलस्वाराची नजर पुढच्या चाकावरून उठते. साध्या सायकलीवर कच्च्या वाटेने जाणारा माणूस दोन हातांवरचा दगड पाहत असतो, कारण तो चुकवला नाही तर आपटणार. चांगल्या सायकलीवर तो दहा-पंधरा मीटर पुढची वाट वाचतो, कुठून जायचे हे आधीच ठरवतो आणि जवळचे दगड सायकलीवर सोपवतो. वेग वाढतो तो त्यामुळे, आणि मजा येते तीही त्यामुळे. किंमत, रंग, कंपनी या गोष्टी त्यानंतर.

पण काळी माती कोणत्याही सायकलीपुढे हार मानत नाही. या मातीतली चिकण भिजली की फुगते आणि चिकटते. जूनच्या दोन सरी पडलेल्या पांदणीत शंभर पावले गेले की टायरभोवती चिखलाचे कडे चढते, फोर्कच्या कमानीत ते अडकते आणि चाक फिरायचे थांबते. अशा वेळी लाखांची सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. शिवाय ओल्या पांदणीत पडलेली चाकोरी सुकल्यावर तशीच राहते, म्हणजे शेतकऱ्याची वाट आपण बिघडवतो. मुरमातून पाणी लवकर निथळते. पाऊस उघडल्यावर एखाद्या दिवसात बरडावर सायकल घालता येते. एरवी ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि काळ्या जमिनीला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात.

आणखी एक धोका माणसाने केलेला. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती झटका मशीनच्या तारा ताणलेल्या असतात, आणि काही ठिकाणी त्या वाट अडवून आडव्या बांधतात. बारीक तार सायंकाळच्या उन्हात दिसत नाही. अनोळखी वाटेवर पहिली फेरी म्हणून सावकाश, शक्य तर पायी करावी. उभ्या पिकातून चाक नेऊ नये आणि समोरून बैलगाडी आली की उतरून कडेला उभे राहावे, बैल बुजतात. उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. जंगलातली वाट कितीही मोहात पाडत असली तरी ती या हौसेसाठी नाही.

खरेदीचे थोडक्यात. मागे धक्के पचवायची सोय नसलेली, फक्त पुढे हवेचा फोर्क, तेलाचे डिस्क ब्रेक आणि २९ इंची चाके असलेली सायकल या भागाला पुरेशी आहे. दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या सायकलीची किंमत लाखांत जाते, तिच्या मागच्या सांध्यांना जास्त बेअरिंग लागतात आणि ती दुरुस्त करणारा हात तालुक्याच्या ठिकाणी मिळेलच असे नाही. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढीच किंमत हलकी झाली आहे. मात्र घेण्याआधी चालवून पाहावी, आणि तीही दुकानासमोरच्या गुळगुळीत डांबरावर नको. फोर्कमधली आणि टायरमधली हवा आपल्या वजनाप्रमाणे करून घ्यावी, सीटची उंची लावून घ्यावी आणि जवळ असेल त्या मुरमाड टेकाडावर तासभर फिरवावी. एवढी मुभा न देणाऱ्या दुकानातून एवढी महाग सायकल घेऊ नये.