पट्टी घ्यायची की आवाज?

आमच्या पाचूबंदरात एखाद्याने बोटीला नवे इंजिन घेतले की अख्खी आळी ते बघायला लोटते. गेल्या मे महिन्यात आमच्या घरी खोक्यातून पियानो उतरला, तेव्हाही माणसे जमली; परंतु खोके उघडल्यावर बहुतेकांची निराशा झाली. सव्वाचार फूट लांब आणि वीतभर रुंद अशी एक काळी फळी! ना झाकण, ना नक्षी, ना सिनेमातल्यासारखे तीन पाय. 'हाच काय तो पियानो? आणि यात आवाज किती?' शेजारच्या मावशींनी विचारले. दहा आहेत म्हटल्यावर त्यांनी पप्पांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आमच्याकडे खराब बर्फ खपवणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेली असते. त्यांच्या नातवाच्या खेळण्यात शंभर आवाज होते, आणि ते आमच्या पियानोच्या दहाव्या हिश्शातही आले नव्हते.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू कॉलेजात भेटली. आमच्या एका प्राध्यापकांना मी मोठ्या उत्साहाने ही बातमी सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, 'डिजिटल पियानो? म्हणजे प्लॅस्टिकचे फूल!' सरांचा संगीताचा व्यासंग मोठा आहे, त्यामुळे मी तिथे काही बोलले नाही. परंतु मावशींचा 'आवाज किती' हा प्रश्न आणि सरांचे प्लॅस्टिकचे फूल, हे दोन्ही मनात राहिले. आज उत्तर देते आहे. अर्थात सरांची क्षमा मागून.

मुळात आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, विजेवर चालणाऱ्या कोणत्याही वाद्याला 'कॅसिओ'च म्हणतात. वनस्पती तुपाला जसे डालडा. कॅसिओने १९८० साली 'कॅसिओटोन' हे आपले पहिले वाद्य बाजारात आणले, आणि पुढे या नावाने आपल्या देशात असे मूळ धरले की यामाहाचा कीबोर्ड घेतलेला माणूसही 'यामाहाचा कॅसिओ घेतला' असे सांगतो. मीही सातवीपासून गायनवृंदात असाच एक 'कॅसिओ' वाजवीत आले. एकसष्ट पट्ट्या, हलक्याफुलक्या, बोट टेकले की सूर. रविवारच्या मराठी मिस्सेला मला ते पुरेसे होते. गाणाऱ्यांना स्वर मिळाला, कुणाचा गळा बसला असेल तर बटण दाबून पट्टी उतरवता आली, आणखी काय हवे?

काय हवे ते मला दुसऱ्या वर्षाला असताना कळले. मुंबईत पियानोच्या परीक्षेला बसले होते. धडा साधाच, पेट्झोल्डचा जी मेजरमधला मिन्युएट, जो पुष्कळ काळ बाखच्या नावावर खपला. घरी तो डोळे मिटून वाजत असे. परीक्षेच्या खोलीत मात्र खरा, तारांचा, उभा पियानो होता. पहिल्याच ओळीत तीन सूर उमटले नाहीत. पट्टी खाली गेली, परंतु आवाज नाही! घाबरून जोर लावला, तो पुढचे सगळे घण घातल्यासारखे. हळू कुठे, जोरात कुठे, काही हातात राहिले नाही. परीक्षक सभ्य होते, मध्येच थांबवले नाही. निकाल सांगायला नकोच.

त्यात पियानोचा काही दोष नव्हता, आणि खरे म्हणजे माझ्या सरावाचाही नव्हता. मी ज्या वाद्यावर तयारी केली ते वेगळे वाद्य होते, इतकेच. सतराशेच्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हे वाद्य बनवले, ते नेमके याच कारणासाठी. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. बोट कसेही मारा, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीने पट्टीच्या पलीकडे हातोडी बसवली. बोट हळू तर हातोडी हळू, बोट जोरात तर हातोडी जोरात. म्हणून नावच पडले 'पियानो ए फोर्ते', म्हणजे हळू आणि जोरात. पुढे लोकांनी नाव तोडून नुसते 'हळू' तेवढे ठेवले! पट्टी फारच सावकाश दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचत नाही आणि सूर उमटत नाही. माझे तीन सूर तिथेच गेले. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असे दोन वेगळे अभ्यासक्रम असतात, ते उगाच नव्हे.

आता डिजिटल पियानोत तारा नसतातच. खऱ्या पियानोचे सूर ध्वनिमुद्रित करून आत साठवलेले असतात. परंतु पट्टीला लहानशी हातोडी किंवा वजन जोडलेले असते, खालच्या सप्तकाकडे जड आणि वरच्या सप्तकाकडे हलके, आणि पट्टी खाली जायला किती वेळ लागला हे सेन्सर मोजतात. त्या वेळावरून सूर हळू की जोरात ते ठरते. म्हणजे विकत घेण्यासारखी वस्तू असेल तर ती ही पट्टी. आवाज शंभर असोत की सहाशे, बोटाला त्यातून काही शिकायला मिळत नाही. मावशींना माझे उत्तर हेच आहे, आणि माझ्यापेक्षा ते पप्पांनी चांगले दिले. धोबीतलावाला आम्ही वाद्ये पाहायला गेलो होतो. तो भाग या वाद्यांचा जुना जाणकार. फुर्टाडोजची पेढीच १८६५ पासूनची. तिथल्या एका दुकानात मी वाद्याचा आवाज शून्यावर नेला आणि नुसत्या पट्ट्या दाबून पाहू लागले. पप्पा बाजूला उभे. मला वाटले, विचारतील, मुकी वाजवतेस काय? ते म्हणाले, 'बरोबर आहे बाय. इंजिन घेताना आपण भोंगा वाजवून बघत नाही.'

त्या दिवशी तीन वाद्यांपुढे मी बसले : यामाहाचा पी-१४५, रोलँडचा एफपी-१० आणि कॅसिओचा सीडीपी-एस११०. तिन्हींत पुऱ्या अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्या, तिन्ही साध्या फळीसारखे. माझे मत विचाराल तर पट्टीच्या बाबतीत रोलँड सरळ पुढे. त्यात तीन सेन्सर असल्यामुळे पट्टी पुरती वर यायच्या आधीच तोच सूर पुन्हा घेता येतो, आणि हळू वाजवताना बोटाखाली किंचित अडल्यासारखे होते, खऱ्या पियानोत होते तसे. यामाहाचा सूर गोड, पट्टी मला जरा हलकी वाटली. कॅसिओची वीतभर रुंदी दिसायला सुबक, परंतु तिची किंमत बोटांना द्यावी लागते. पट्टीचा आतला दांडा आखूड असल्यामुळे काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत बोट शिरले की जड जाते. मनातून मी रोलँड घेऊन टाकला होता.

आणि घरी कॅसिओ आणला.

याचे कारण घर. आमचे घर किल्ल्याच्या पलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पप्पा डोलीवर जातात, म्हणजे त्यांचे घड्याळ भिंतीवर नसून पाण्यात असते. भरती-ओहोटी जशी सरकते तशी त्यांची झोपही सरकते. आज दुपारी, तर चार दिवसांनी सकाळी. अशा घरात हेडफोन नसलेले वाद्य ठेवणे म्हणजे अन्याय आहे. शिवाय मोठ्या उधाणाला पाणी ओट्याला लागते. तेव्हा दोन माणसांनी नव्हे, एकट्या मुलीने उचलून माळ्यावर टाकता येईल असेच वाद्य हवे. कॅसिओ साडेदहा किलोचा, रोलँड बाराच्या वर. दोन किलोंत काय एवढे, असे ज्यांना वाटते त्यांनी पाणी आत येत असताना शिडी चढून पाहावी. तिसरी गोष्ट विजेची. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडची वीज गेली, ती काही दिवस आलीच नाही. कॅसिओ सहा पेन्सिल सेलवर चालतो. त्या दुकानातले दुसरे दोन ॲडॉप्टरशिवाय मुके. आणि चौथी गोष्ट, जी आधी सांगायला हवी होती, ती पैशाची. १ जूनला बोटी वर ओढल्या की घरात पैसा यायचा थांबतो. चाळीसएक हजार रुपये हे जाळ्याच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या रकमेतून निघणार होते. मम्मी एवढेच म्हणाली, 'जाळे फाटके चालेल एक वेळ, पण हे दोन वर्षांत पडून राहायला नको.' त्या वाक्यानंतर आणखी दहा-पंधरा हजार मागायची माझी छाती झाली नाही.

आता सरांचे प्लॅस्टिकचे फूल. सर, खरा पियानो आमच्याकडे आणला असता तर काय झाले असते? उभ्या पियानोचेच वजन दोनशे किलोंच्या घरात. त्यात दोनशेहून अधिक तारा, पोलादाच्या. आमच्या हवेत बोटीच्या खिळ्यांना वर्षभरात तांब चढते, तिथे तारांची काय कथा! पावसाळ्यात लाकूड फुगणार, सूर उतरणार, आणि सूर लावणारा माणूस मुंबईहून आणायचा.

आणि नकली म्हणाल, तर ज्या पेटीवर आपले अर्धे संगीत नाटक उभे राहिले ती तरी कुठली अस्सल? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅंने हार्मोनियम बनवली, ती खुर्चीवर बसून पायाने भाता मारायची. आपली माणसे बसतात जमिनीवर. तेव्हा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे आणून हाताशी दिला, आणि वाद्य सतरंजीवर आले. सूर तोच, बैठक बदलली. तिलाही शिव्या काही कमी बसल्या नाहीत. आकाशवाणीने १९४० साली तिला चक्क बंदी घातली, ती १९७१ पर्यंत काही उठली नाही. कारण काय, तर तिचे सूर ठोकून बसवलेले, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. परंतु १९११ च्या 'मानापमाना'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे याच पेटीचे बादशहा होते, हेही खोटे नव्हे. पेटी घराच्या बैठकीप्रमाणे बदलली म्हणून घराघरात शिरली. सेलवर चालणारा, वीतभर रुंदीचा पियानो माझ्या मते त्याच वाटेने निघाला आहे.

मात्र एका बाबतीत सरांचे मला मान्य करावे लागते. डिजिटल पियानोत मी पट्टी दाबते आणि दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच खोलीत कधी काळी वाजवलेला सूर बाहेर येतो. खऱ्या पियानोच्या फळीचा थरथराट मांडीपर्यंत पोचतो, तसा यात पोचत नाही. परीक्षेच्या त्या खोलीत, घाबरलेली असतानाही, तो मला जाणवला होता.

आमच्या वर्गातला एक मित्र हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याला मी हे सगळे सांगितले तर तो म्हणाला, 'मग मी काय करतो ते संगीत नाही?' त्याचा राग बरोबर आहे. त्याला ढोलकी हवी, ताल हवा, क्लॅरनेट हवा, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर क्षणात जायला हवे. त्याच्यासाठी आपल्याकडच्या तालांचे, तबला-तानपुऱ्याचे आवाज घातलेला यामाहाचा पीएसआर-आय५०० सारखा एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्डच योग्य, आणि त्यावर तो कमावतो. माझे भांडण आईबापांशी आहे, जे म्हणतात, 'आधी स्वस्तातले घेऊ, मूल टिकले तर मोठे घेऊ.' मूल टिकणार कसे? ज्या पट्टीवर हळू आणि जोरात एकच, तिच्यावर पोराला चार महिन्यांत कंटाळा येतो, आणि दोष पोराच्या माथी जातो. पैसे कमी असतील तर जुना घ्या. वसईत कितीतरी घरांत चांगले यामाहा पी-४५ लेसच्या रुमालाखाली झोपलेले आहेत. घेताना मात्र अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एकदा हळू आणि एकदा जोरात दाबून पाहा. खाऱ्या हवेने आतले रबराचे संपर्क बिघडले असतील तर एखादी पट्टी मुकी निघते, नाहीतर एखादी हळू दाबूनही किंचाळते. हेडफोनच्या भोकात गंज दिसला तर उठून या.

आमचा पियानो आता खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला आहे. वर मम्मीच्या जुन्या लुगड्याचे आच्छादन. हेडफोन लावला की मला मिन्युएट ऐकू येतो आणि घराला फक्त पट्ट्यांची ठकठक. खाली जुन्या जाळ्याची चौपदरी घडी घातली, तरी ती पुरती जात नाही. पप्पा तिच्यातच झोपतात. परवा उठल्यावर म्हणाले, 'बाय, डाव्या हाताला एका जागी तू रोज अडतेस.' मी म्हटले, तुम्हाला काय कळले? 'का? ठक-ठक-ठक येते, मग थांबते, मग परत पहिल्यापासून येते.'

सोळाव्या मात्रेवर अडते. परीक्षेचा अर्ज पुन्हा भरला आहे.