डाळीतले खडे आणि सासूबाईंचे डोळे

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडे ओळीने तीन दिवस वरणात खडा लागला. डाळ निवडायचे काम सासूबाईंचे; ते त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. चौथ्या दिवशी मी जरा फणकाऱ्यानेच म्हटले, "आई, लक्ष कुठे असतं हल्ली तुमचं?" त्या काही बोलल्या नाहीत. सूप उचलले आणि ओट्यावर उन्हात जाऊन बसल्या.

उन्हात का, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

त्याच्या वर्षभर आधी याच सासूबाईंनी जवळचा चष्मा डबीत घालून ठेवला होता. "नजर परत आली गं माझी," म्हणत सुईत दोरा ओवून दाखवला. आम्ही कौतुकाने शेजारणींना बोलावून ते दाखवले! डॉक्टरांनी पुढे सांगितले, की ती नजर परतली नव्हती. मोतीबिंदूने दिलेली वर्दी होती. डोळ्यातले भिंग मध्यभागी घट्ट होऊ लागले की डोळ्याचा नंबर बदलतो. जवळचे काही दिवस छान दिसते, लांबचे धूसर होत जाते. मग ते जवळचे सुखही सरते.

पण खरा धक्का डाव्या डोळ्याचा होता. तिथे मोतीबिंदूच्या जोडीला काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत गेली होती. त्या डोळ्याला आता दिव्याचा उजेड तेवढा कळतो. सासूबाई दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायच्या, आणि आम्ही म्हणायचो, वय झाले. काचबिंदूत कडेचे दिसणे आधी जाते, समोरचे बरेच दिवस शाबूत राहते. त्यामुळे माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढेच हातात.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठले थेंब घालत होतात?" दोन वर्षांपूर्वी धुळीने डोळे चुरचुरायचे, म्हणून आम्ही औषधाच्या दुकानातून थेंब आणले होते. लाली लगेच गेली, म्हणून त्याच बाटल्या पुन्हा पुन्हा आणत राहिलो. त्यात स्टेरॉइड होते. तेवढ्यानेच झाले असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण असे थेंब महिनोन्‌महिने घातले तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले. आणणारी मीच होते.

उजव्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे ठरले, तर घरात निराळाच गोंधळ. जाऊबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकू द्या. मामंजी म्हणाले, आपल्या जळगावच्या उन्हाळ्यात नको, थंडी येऊ द्या. पूर्वी या बोलण्याला अर्थ होता. तेव्हा अख्खे भिंग काढायचे, रोग्याला डोके न हलवता निजवायचे, आणि नंतर जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. १९४९ साली लंडनला हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले, तिथून हे चित्र पालटू लागले. आता बारीकशा छेदातून काम होते आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. ऋतूची अडचण नाही. उलट फार पिकू दिला तर मोतीबिंदूनेही दाब वाढू शकतो.

आपल्या देशात पन्नाशीपुढच्या लोकांची २०१५ ते २०१९ मध्ये पाहणी झाली. त्यात अंधत्वाच्या कारणांपैकी मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. म्हणजे तिघांतल्या दोघांचे आंधळेपण ऑपरेशनने जाण्यासारखे! पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि त्यात हे ऑपरेशन मोफत होते.

घरच्या घरी एक करून पाहा. एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या तारखा वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाचे झाकून नेतो. यात काचबिंदू मात्र कळत नाही. त्यासाठी दाब आणि नस तपासावीच लागते. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, दिसत असले तरी. आणि डोळा लाल होऊन डोके ठणकले, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर पित्त म्हणून आल्याचा रस देत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आम्ही पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर छोटा दिवा ठेवतो. दाबाच्या थेंबांच्या बाटलीला रबर गुंडाळले आहे, म्हणजे हाताला कळते. हे थेंब आता जन्मभराचे. सासूबाई उजव्या डोळ्याने पुन्हा डाळ निवडतात, आणि परवा माझ्याच निवडलेल्या तांदळात त्यांनी दोन खडे काढून दाखवले.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, म्हणून ह्यांनाही तपासून आणले. दाब काठावर आहे. दर सहा महिन्यांनी यायला सांगितले. धुळ्याच्या नणंदबाईंना फोन केला, तर हसून म्हणाल्या, "माले काय धाड भरनी शे!" पंचेचाळीस वर्षांच्या आहेत, कधी डोळे दाखवलेले नाहीत. येत्या रविवारी हे सकाळच्या एसटीने धुळ्याला जाऊन मुक्काम करणार आहेत, आणि सोमवारी त्यांना घेऊनच दवाखान्यात जाणार आहेत.