पाटी आणि दार

शहर पायी पाहणे ही वाचनाचीच एक रीत आहे, असे साहित्याचे अभ्यासक मानत आले आहेत. या वाचनाला ऑक्सफर्डइतके अनुकूल शहर क्वचितच सापडेल. कारफॅक्सच्या चौकातून हाय स्ट्रीटने पूर्वेकडे निघावे, क्वीन्स लेनच्या वळणांतून टर्फ टॅव्हर्नच्या बोळात शिरावे आणि ब्रॉड स्ट्रीटवरून सेंट जाइल्सच्या रुंद रस्त्याला लागावे. एवढ्या पायपिटीला तासभरही लागत नाही. वाटेत पब आणि कॉफीगृहे एकापाठोपाठ एक भेटतात. कोणी थोर पुरुष येथे बसत असे, हे सांगणाऱ्या पाट्याही भेटतात. साहित्याचा यात्रेकरू पाटी वाचतो, पेला रिकामा करतो आणि पुढच्या पाटीकडे वळतो. या निरुपद्रवी विरंगुळ्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती त्यावर उभारल्या जाणाऱ्या सिद्धान्ताला. पब आणि कॉफीगृहे ही मुक्त संवादाची लोकशाही पीठे होती, विद्यापीठाच्या भिंतींनी जे अडवले ते तेथे मोकळे झाले आणि थोर वाङ्मय त्या बाकांवर जन्मले, असा हा सिद्धान्त आहे. तो ऐकायला गोड आहे; परंतु ऑक्सफर्डची तीच वाट पावलोपावली त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

पहिली साक्ष कारफॅक्सचीच आहे. १० फेब्रुवारी १३५५ रोजी या चौकातील स्विंडलस्टॉक नावाच्या मद्यगृहात काही विद्यार्थ्यांनी दारूच्या प्रतीवरून तक्रार काढली. शब्दाने शब्द वाढला आणि त्यातून उसळलेला दंगा तीन दिवस चालला. साठांहून अधिक विद्यार्थी आणि सुमारे तीस नागरिक त्यात प्राणांस मुकले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे राजाने न्याय केला तो विद्यापीठाच्या बाजूने. भाकरी, बिअर आणि वाइन यांच्या दर्जावर व मापांवर देखरेख करण्याचा अधिकार विद्यापीठाकडे गेला आणि नगराध्यक्षाच्या कपाळी दरवर्षीचे प्रायश्चित्त आले. ते १८२५ साली थांबले. आज तेथे मद्यगृह नाही, स्मृतिफलक आहे. गाव आणि विद्यापीठ एका बाकावर बसले की भेद मावळतात, असे म्हणणाऱ्याने प्रथम हा फलक वाचावा. पेल्याचे माप कोणी ठरवायचे, हा येथील सत्तेचाच प्रश्न होता.

दुसरी साक्ष हाय स्ट्रीटची. अँथनी वुड या ऑक्सफर्डच्या इतिहासकाराच्या नोंदीनुसार १६५० च्या सुमारास जेकब नावाच्या एका यहुद्याने ‘एंजल’ येथे कॉफीगृह उघडले. त्याची म्हणून दाखवली जाणारी जागा आणि १६५४ हे साल मिरवणारे क्वीन्स लेन कॉफी हाउस ही दोन्ही याच रस्त्यावर आहेत, आणि जुनेपणाच्या मानासाठी त्यांची चुरस प्रवाशांना मोठी रंजक वाटते. या रंजनात एक गोष्ट निसटते. इंग्लंडने यहुद्यांना १२९० साली देशाबाहेर घालवले होते आणि १६५६ पर्यंत त्यांच्या परतीचा मार्ग मोकळा झाला नव्हता. म्हणजे विद्वानांना कॉफीची चव लावणाऱ्या या माणसाला त्या देशात उघडपणे राहण्याचीही खात्री नव्हती. विद्यापीठाचे दार तर त्याच्या धर्माला त्यानंतर दोन शतके बंद राहिले. बी. ए.च्या पदवीसाठीची धर्मशपथ १८५४ साली सुटली आणि बहुतेक उर्वरित पदव्या व पदे १८७१ च्या कायद्याने खुली झाली. ज्याच्या हातची कॉफी चालत होती, त्याला पदवी चालत नव्हती. ‘कोणाच्या हातचे काय चालते’ या प्रश्नाचा अर्थ मराठी वाचकाला फोड करून सांगावा लागू नये.

या कॉफीगृहांनी काही घडवलेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १६५५ साली आर्थर टिलयार्ड या औषधविक्रेत्याने ऑल सोल्स कॉलेजच्या शेजारी कॉफी विकण्यास आरंभ केला, तेव्हा त्याच्याकडे जमणाऱ्या तरुणांत ख्रिस्तोफर रेन होता. कॉफीगृहातील बोलण्याला राजसत्ताही भ्याली. दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये ती बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोकक्षोभामुळे तो थोड्याच दिवसांत मागे घेतला. या संवादाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. ते सामर्थ्य सर्वांचे होते, हा दावा तेवढा नाकारावा लागतो.

तिसरी साक्ष सेंट जाइल्सची. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती सर्वांत बारकाईने तपासावी. ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये सी. एस. लुइस, टॉल्किन आणि त्यांचे ‘इंकलिंग्ज’ हे मित्रमंडळ मंगळवारी सकाळी जमत असे. या पबच्या मागच्या खोलीत टॉल्किनची महाकादंबरी घडली, अशी भाविक समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः हस्तलिखितांचे वाचन आणि त्यांची चिरफाड होत असे ती प्रामुख्याने गुरुवारी रात्री, मॉडलिन कॉलेजातील लुइस यांच्या खोल्यांत. पबमध्ये गप्पा होत. विद्यापीठाने दिलेली खोली, पगार आणि फुरसत यांच्या आधाराने जे लिहिले गेले, त्याचे श्रेय पबच्या बाकाला देणे हा वाङ्मयेतिहासाचा विपर्यास आहे. शिवाय या मंडळात एकही स्त्री नव्हती. डोरोथी सेयर्स यांचा जन्म ऑक्सफर्डचा, शिक्षण तेथील समरव्हिल कॉलेजचे आणि लुइस यांच्याशी स्नेह. तरीही त्या ‘इंकलिंग’ झाल्या नाहीत. १९१५ साली प्रथम वर्गात उत्तीर्ण होऊनही पदवीसाठी त्यांना १९२० पर्यंत थांबावे लागले, कारण तोवर ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते.

मालकीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. ‘ईगल अँड चाइल्ड’ २०२० साली बंद पडला आणि २०२३ साली लॅरी एलिसन या अमेरिकी तंत्रज्ञान-उद्योगपतीच्या संस्थेने तो विकत घेतला. रस्त्यापलीकडचा ‘लँब अँड फ्लॅग’ हा सेंट जॉन्स कॉलेजच्या मालकीचा पब २०२१ च्या आरंभी बंद झाला. परंतु स्थानिक लोकांच्या एका गटाने तो भाडेपट्ट्याने घेऊन २०२२ साली पुन्हा उघडला. समोरासमोरच्या या दोन दारांची भिन्न कथा कोणत्याही पाटीपेक्षा बोलकी आहे. बाक टिकतो तो त्यावर बसून गेलेल्यांच्या कीर्तीने नव्हे. आज बसणाऱ्यांचा त्यावर काही हक्क असेल, तर त्याला भवितव्य असते.

‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ हे बिरुद मिरवणाऱ्या पुण्याने ही तुलना शेवटपर्यंत निभावावी. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठितांपुढे चहा ठेवला गेला. उपस्थितांची नावे छापून येताच गहजब उडाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते झाली. समाजाच्या अग्रभागी असलेल्यांची एका पेल्यापायी ही गत झाली. चहाच्या दुकानाबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपबशीतून ज्यांना प्यावे लागले, त्यांची कथा दलित आत्मकथनांनी सांगेपर्यंत मराठी समीक्षेला तिची दखल घ्यावीशी वाटली नव्हती. आपल्याकडेही साहित्यिकांच्या कट्ट्यांचे आणि इराण्याच्या हॉटेलांतील मैफलींचे स्मरणरंजन उदंड आहे. कोणता कवी कोणत्या टेबलाशी बसे, याच्या आठवणी हौसेने लिहिल्या जातात. त्या टेबलाशी कोण बसू शकत नव्हते, त्या वेळी घरी स्वयंपाक कोण करीत होते आणि कपबश्या कोण विसळत होते, हे त्या आठवणींत येत नाही.

वाङ्मयीन बैठकींचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ऑक्सफर्डच्या या वाटेवरून जरूर चालावे. मात्र भिंतीवरच्या पाटीइतकेच लक्ष उंबरठ्याकडे द्यावे. जागा कोणाच्या मालकीची होती, तेथे बसण्याची किंमत काय होती आणि कोणाला आत येता येत नव्हते, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधल्याखेरीज कोणत्याही कट्ट्याला लोकशाहीचे पीठ म्हणू नये. जेकबचे नाव वुडने एका ओळीत का होईना, नोंदवून ठेवले. आपल्या कट्ट्यांच्या इतिहासात तेवढी एक ओळही ज्यांच्या वाट्याला आली नाही, त्यांची संख्या फार मोठी आहे.