गॅस संपत नाही, गळतो!

गाडीचा एसी एका उन्हाळ्यात तीनदा बंद पडला. देवगडातल्या मेकॅनिकने तिन्ही वेळा गॅस भरून पैसे घेतले. वर म्हणाला, "गुरुजी, गॅस संपतोच!"

अहो, संपतो कसा? एसीच्या नळ्या बंदिस्त. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. खाऱ्या हवेत कंडेन्सर गंजतो, तो आधी तपासायला नको? गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते. पण मी पावतीच घेतली नव्हती. जुना विद्यार्थी, मागायची कशी? भीड भिकेची बहीण, हे वर्गात मीच शिकवलं होतं.

चौथ्यांदा सांगितलं, "आधी गळती दाखव, मग पैसे. आणि पावती हवी."